जाळी विद्यार्थ्यांची, आराखडा साहेबाचा

मुंबईत ज्याला अजून बहुतेक जण व्हीटीच म्हणतात, त्या स्टेशनातल्या तिकीटघराच्या जाळ्या, मोठ्या जिन्यांचे कठडे, लोखंडी-पितळी रेलिंग, लाकडावरची नक्षी आणि टाइल्स हे सगळं विद्यार्थ्यांनी केलेलं काम आहे. ही इमारत २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, तिच्या वर्णनात तशी नोंद आहे. हे विद्यार्थी स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर असलेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. मी त्याच शाळेत शिल्पकला शिकले आणि आता दुसरीकडे ती शिकवते. हल्ली पदवीच्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला क्रेडिट मिळतात. मुलं इंटर्नशिपची प्रमाणपत्रं फाइलला लावून आणतात, आणि जगात हे आत्ताच कुणाला तरी सुचलं असावं अशा थाटात परिपत्रकं निघतात. ती वाचताना मला व्हीटीची जाळी आठवते. कामातून शिकवण्याचा प्रयोग या शहराने दीडशे वर्षांपूर्वी चांगला ऐसपैस करून पाहिला आहे. त्यात काय साधलं आणि घोडं कुठे अडलं, हे जे.जे.च्या पहिल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत स्वच्छ दिसतं.

शाळेमागचा पैसा सर जमशेटजी जीजीभाईंचा. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरीचं कौतुक झालं, पण यंत्राच्या मालापुढे ती किती दिवस तग धरणार ही काळजीही तेव्हापासून बोलली जाऊ लागली. जमशेटजींनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग भरू लागले. पहिली काही वर्षं तिथे जे चाललं ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणाचं होतं: आधी सरळ रेघ, मग भूमिती, मग नमुन्यावरून नक्कल, मग प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून छायाप्रकाश. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसलेल्या कुणालाही हे वळण ओळखीचं वाटेल. आपल्या शाळांतल्या चित्रकलेच्या तासाचा बराचसा वारसा तिथलाच आहे.

खरा बदल झाला १८६५ मध्ये. त्या वर्षी तीन माणसं विलायतेतून आली आणि प्रत्येकाने एकेक कार्यशाळा चालवायला घेतली. जॉन ग्रिफिथ्सकडे सजावटीची चित्रकला, मायकेल हिगिन्सकडे नक्षीचं लोहारकाम आणि जॉन लॉकवुड किपलिंगकडे इमारतींवरचं शिल्प. १८६६ पासून शाळेचा कारभार सरकारने हाती घेतला.

हे तेव्हाच का झालं, याचं उत्तर शाळेत सापडत नाही, शहरात सापडतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मुंबईहून जात होता. शहरात पैसा खेळत होता. युद्ध संपताच तो फुगा फुटला आणि भले भले शेठ रस्त्यावर आले, पण तोवर गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली होती आणि मोकळ्या झालेल्या जागेवर मोठमोठ्या सरकारी इमारतींचे बेत ठरले होते. या इमारती गॉथिक घाटाच्या. त्या घाटात सपाट भिंत जवळजवळ नसतेच. खांबाचं डोकं, कमानीचं पोट, पन्हळीचं तोंड, जिथे बघावं तिथे कोरीवकाम. ते सगळं इंग्लंडातून मागवायचं तर परवडणारं नव्हतं. कोरणारे हात इथेच तयार करायला हवे होते. म्हणजे काम आधी उभं राहिलं आणि कार्यशाळा त्यामागून आली. आजच्या कौशल्य-योजनांत बहुधा उलटा क्रम असतो: आधी अभ्यासक्रम, मग त्याला साजेसं काम कुठे मिळेल याचा शोध.

किपलिंगबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्या मुलाच्या प्रसिद्धीने बाप झाकला गेला. रड्यार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, याच शाळेच्या आवारातला. बाप मात्र स्वतः उमेदवारी करून वर आलेला. स्टॅफर्डशरमधलं बर्स्लेम हे कुंभारकामाच्या धंद्याचं गाव. तिथे तो मातीत हात घालून शिकला, मग साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाच्या सजावटीवर काम केलं आणि मग मुंबईला आला. मुलाचं नावही त्याच भागातल्या एका तळ्यावरून ठेवलेलं. ज्याने स्वतः मालकाच्या देखरेखीखाली माती मळलेली असते, तो वर्गात वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण मी पेणची.

आमच्या घरी गणपतीचा कारखाना होता. पेणमध्ये त्याला कारखानाच म्हणतात, मग तो माजघरात का असेना. शाडू गुजरातेतून यायचा. पोराटोरांच्या वाट्याला पहिलं काम माती कुटण्याचं आणि चाळण्याचं. मग मळणं. मग साच्यात माती दाबणं, तीसुद्धा आधी फक्त पाटाची आणि उंदराची. मग ओल्या कुंचल्याने सांधे पुसणं. रंगात शिरकाव झाला की आधी अंगाचा एकसारखा रंग, मग पीतांबर, मग दागिन्यांची सोनेरी. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, आणि ती घरात दोघाचौघांनाच जमायची. आजोबा माझ्या हातातला बारीक कुंचला काढून घेत आणि म्हणत, “बाय, अजून नाही. आधी शंभर नखं रंगव.” नखं रंगवता रंगवता हात स्थिर होतो हे त्यांना माहीत होतं, समजावून सांगायच्या फंदात ते पडले नाहीत. या पद्धतीला एक मोठा गुण आहे. बिघडलेली मूर्ती गिऱ्हाईक घेत नाही, त्यामुळे चूक कुणाच्या शेऱ्याची वाट पाहत नाही. एक मोठी खोटही आहे. साचा कोणी बनवायचा, हा प्रश्न कुणी विचारत नाही. साचा असतोच.

जे.जे.च्या कार्यशाळांत हा गुण आणि ही खोट दोन्ही आली.

पहिलं नाव घ्यायचं ते क्रॉफर्ड मार्केटचं. आराखडा विल्यम इमर्सनचा, इमारत १८६९ मध्ये पुरी झाली, नाव पहिल्या म्युनिसिपल कमिशनरचं. दारावरचे उठावशिल्पाचे पट्टे किपलिंगच्या कल्पनेतले. बाजारातल्या, शेतातल्या माणसांची ती रांग आज गाड्यांच्या धुराने काळवंडली आहे, पण फळांच्या बाजूने जाताना मान वर केली तर दिसते. आवारातल्या कारंज्याच्या शिल्पकामातही किपलिंगचा हात. शाळेची मुलं रस्ता ओलांडून बाजारात जाणार, भाजीवालीला पाहणार आणि परत येऊन मातीत माणूस उभा करणार, असं हे शेजारपण.

दगडाचंही सांगते, कारण शिल्पकाराचं शिक्षण अर्धं दगड देतो. मुंबईचा स्थानिक काळा दगड छिन्नीला दाद देत नाही. बारीक नक्षीसाठी समुद्रमार्गे पोरबंदरचा चुनखडीचा दगड यायचा. तो मऊ, एकजीव, कापताना कुरकुर न करणारा. शिकाऊ हाताला असा दगड मिळणं हे भाग्य. मातीत नमुना, मग प्लास्टरचा साचा, मग दगडावर मापं उतरवणं, मग कोरणं या क्रमात मातीपर्यंत सगळे हौसेने येतात. दगडावर मापं घेण्याचं काम कंटाळवाणं, आणि खरी परीक्षा तिथेच. एक माप हुकलं तर पान फांदीपासून सुटतं. वर्गातल्या पुतळ्याचं पान सुटलं तर मार्क जातात. स्टेशनच्या खांबावरचं सुटलं तर ते शे-सव्वाशे वर्षं तसंच राहतं.

व्हीटीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, मालक ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, खर्च सोळा लाख रुपयांच्या घरात. कामावर सहायक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन. किपलिंग तोवर मुंबईत नव्हता. १८७५ मध्येच तो लाहोरच्या मेयो स्कूलला गेला होता. शाळा ग्रिफिथ्सच्या हाती होती आणि १८७८ मध्येच ती आजच्या स्वतःच्या इमारतीत आली. म्हणजे शाळेची नवी इमारत आणि स्टेशनचं काम एकाच वर्षीचं, एकाच रस्त्याच्या दोन टोकांना. विद्यार्थ्यांसाठी याहून सोयीचं काय असणार!

आता स्टेशनासमोर फुटपाथवर उभं राहून (पोलीस हटकेपर्यंत) वर पाहा. घुमटावर हातात मशाल घेतलेली ‘प्रगती’ आहे. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत. कमानींच्या वरच्या त्रिकोणांत शेती, व्यापार, अभियांत्रिकी यांच्या प्रतिमा आहेत. ही मोठी, नाव असलेली कामं थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराकडे गेली. त्याखालचं, त्यामधलं, त्याभोवतीचं जे अफाट उरलं, ते विद्यार्थ्यांकडे. मोर, माकडं, तोंड वासलेले पन्हळीचे प्राणी, खांबांच्या डोक्यावरची पानं. दर्शनी भिंतीवर कंपनीशी संबंधित बड्या मंडळींचे चेहरे गोलांत बसवलेले आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आहेत आणि नाना शंकरशेटही. ज्याच्या पैशाने शाळा निघाली त्याचा चेहरा आणि त्या शाळेच्या मुलांनी कोरलेली पानं एकाच भिंतीवर.

मला या वाटणीत सगळी गोष्ट दिसते. माणूस अर्पचा, पान विद्यार्थ्याचं. कुणी म्हणेल, शिकाऊ माणसाला कुठे लगेच घुमटावर चढवायचं? खरं आहे, आमच्या आजोबांनीही नखांपासूनच सुरुवात करून घेतली. पण घरात नखांकडून डोळ्यांकडे जायची वाट होती. वेळ लागे, पण वाट होती. व्हीटीच्या विद्यार्थ्यापुढे तशी वाट होती का? त्याने कितीही कोरलं, तरी पुढची इमारत पुन्हा कुठल्या तरी स्टीव्हन्सची असणार आणि पान पुन्हा त्याच्याकडे येणार. शाळेचा सरकारी हेतूच तसा होता. चांगले कारागीर हवे होते, चांगले आराखडेवाले आणि ड्रॉइंग मास्तर हवे होते. चित्रकार-शिल्पकार घडवायचे असं कुणी उघडपणे ठरवलेलं नव्हतं.

त्यात गंमत अशी की ज्यांच्यासाठी शाळा काढली, त्या पिढीजात कारागिरांची मुलं फारशी आलीच नाहीत. का यावीत? सुताराचा मुलगा घरी शिकता शिकता चार पैसे मिळवत होता. आली ती इंग्रजी शाळेची तोंडओळख असलेली, पांढरपेशा नोकरीची वाट पाहणारी मुलं. ती कार्यशाळेतून बाहेर पडून ड्रॉइंग मास्तर झाली किंवा सरकारी कचेऱ्यांत नकाशे काढू लागली. पगार ठरलेला, पेन्शन ठरलेली. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. करिअर म्हणतात ते त्या काळी हेच होतं.

अजिंठ्याचं प्रकरण मात्र निराळं आहे, आणि मला सर्वांत जवळचं.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला कॅप्टन रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात गेला होता. त्याच्या बहुतेक नकला १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग ते काम सरकारने ग्रिफिथ्सकडे दिलं. १८७२ च्या हिवाळ्यापासून तो शाळेतले निवडक विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागला. मध्ये काही वर्षं काम थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि १८८५ पर्यंत चाललं. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजलेला चित्रकार झाला. जगन्नाथ अनंत हे आणखी एक नाव नोंदलेलं आहे.

विद्यार्थी असताना आमचीही अजिंठ्याची सहल झाली होती. तेव्हा आत विजेचे दिवे होते तरी एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याने दारात पत्रा धरून उन्हाचा कवडसा भिंतीवर पाठवला, आणि काळ्या डागातून एक हात बाहेर आला. बोटं अशी वळलेली की मातीत मला आजही तशी वळवता येत नाहीत. वर्गात आम्हाला हाताचं हाड, स्नायू, सांधा असं क्रमाने शिकवलं होतं. इथे सांधा सापडत नव्हता, तरी हात खोटा नव्हता. ज्या मुलांनी वर्षानुवर्षं हिवाळे त्या भिंतीसमोर बसून एकेक बोट उतरवलं असेल, त्यांना साउथ केन्सिंग्टनच्या पाठांची दुसरी बाजू आपसूक कळली असणार. नक्कल करायला पाठवलेला विद्यार्थी कधी कधी मूळ चित्राचा शिष्य होतो. तो धडा ग्रिफिथ्सच्या वेळापत्रकात नव्हता.

शाळेचा कुंभारकामाचा विभाग जॉर्ज टेरीने १८७३ च्या सुमारास उभा केला, तिथल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या आकृत्या येऊ लागल्या. ही भांडी विलायतेत विकली जात. म्हणजे काम, शिक्षण आणि विक्री ही साखळी तिथे पुरी होत होती.

त्या मोहिमेचा शेवट मात्र कडू. लंडनला पाठवलेल्या कॅनव्हासांपैकी बरेच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाले. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. शिवाय नक्कल करताना चित्रं उजळ दिसावीत म्हणून भिंतींवर व्हर्निश लावलं गेलं होतं, ते पुढे पिवळं पडलं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणून साफसफाई करून घेतली. खऱ्या कामावर शिकण्याची ही दुसरी बाजू: शिकणाऱ्याचं जे व्हायचं ते होतं, पण कामालाही काही होतं. डॉक्टरीत हे सगळे मान्य करतात आणि देखरेख ठेवतात. कलेत आणि इमारतीत आपण अजून ढिले आहोत. पुण्या-मुंबईत जुन्या वाड्याच्या दुरुस्तीवर विद्यार्थ्यांना ‘अनुभवासाठी’ सोडलेलं पाहते तेव्हा मला ते पिवळं व्हर्निश दिसतं.

१८९१ मध्ये सरकारने पुन्हा एकदा कारागिरांच्या मुलांना आत आणायचा प्रयत्न केला. आधीचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कला-कार्यशाळा निघाल्या. उस्ताद कारागीर शिकवायला, हाताखाली उमेदवार. धातुकाम, मीनाकारी, लाकूडकाम, गालिचे. कल्पना चांगली. त्या काळात शाळेत खरी हालचाल मात्र दुसऱ्याच कोपऱ्यात चालली होती.

१८९० च्या जानेवारीत कोल्हापूरहून महादेव विश्वनाथ धुरंधर शाळेत आले. विद्यार्थी म्हणून आले, शिक्षक झाले, आणि १९३० मध्ये काही काळ शाळेचे संचालक म्हणूनही काम पाहिलं. त्या खुर्चीत बसलेले ते पहिले हिंदी. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. ड्रॉइंग मास्तरकीच्या पलीकडे शाळेतून करिअर घडू शकतं हे मराठी घरांना पटलं ते धुरंधरांमुळे. पोस्टकार्डं, पुस्तकातली चित्रं, जाहिराती, राजेरजवाड्यांची कामं, सगळं त्यांनी केलं. आजच्या अर्थाने ते फ्रीलान्सरही होते आणि नोकरदारही. त्यांची मुलगी अंबिका हिने १९३१ मध्ये याच शाळेतून पदविका घेतली.

आणि म्हात्रे. गणपतराव म्हात्रे १८९० च्या दशकात शाळेत विद्यार्थी होते. ‘मंदिरपथगामिनी’ त्यांनी तेव्हाच केली. प्लास्टरमधली, पूर्ण उंचीची, नऊवारीतली बाई, हातात पूजेचं साहित्य, पाऊल पुढे पडत असलेलं. कुठल्याही इमारतीच्या आराखड्यातला तो तुकडा नाही. कुणी कंत्राट दिलेलं नाही. एका विद्यार्थ्याला ती बाई दिसली आणि त्याने केली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९८ मध्ये तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. मी शाळेत असताना तिच्या पायाशी बसून आम्ही डबे खायचो आणि नऊवारीच्या निऱ्या मोजायचो. त्या निऱ्यांत व्हीटीचं सगळं शिक्षण आहे: दगडातलं पान जसं फांदीला धरून असतं तशी प्रत्येक निरी पायाच्या हालचालीला धरून आहे. फरक एवढाच की इथे मूळ आराखडाही विद्यार्थ्याचाच आहे.

पुढे म्हात्र्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि देशभरातून पुतळ्यांची कामं केली. पान कोरणाऱ्यापासून पुतळा करणाऱ्यापर्यंतचं अंतर व्हीटी पुरी झाल्यापासून दहा वर्षांच्या आत कापलं गेलं होतं, तेही शाळेच्या उद्दिष्टांत ते लिहिलेलं नसताना.

शाळेला हे धोरण म्हणून मान्य करायला आणखी पंचवीस वर्षं लागली. १९१९ मध्ये कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन प्राचार्य झाले. त्यांनी जिवंत मॉडेलवरून चित्रणाचा वर्ग नीट सुरू केला आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पाठबळाने भित्तिचित्रांचा वर्ग काढला, शिष्यवृत्त्यांसह. या वर्गाने मुंबईच्या गव्हर्नमेंट हाउसचं छत रंगवलं. १९२४ मध्ये लंडनच्या वेम्बली प्रदर्शनासाठी ‘इंडियन रूम’ सजवली, छतासकट. मग नव्या दिल्लीतल्या सचिवालयाच्या खोल्यांतली चित्रं आली; १९२८-२९ च्या सुमारास ती पुरी झाली. बंगालच्या मंडळींशी या कामावरून चांगलीच जुंपली होती. हिंदी कलेचा खरा वारस कोण, यावर दोन्हीकडून भरपूर शाई सांडली. मला त्या भांडणात दिल्लीतलं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. रचना या वेळी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी स्वतः केल्या होत्या. त्या मला आज थोड्या गोडगोड वाटतात, बायका सगळ्या एकाच सोज्वळ चेहऱ्याच्या. पण बिघडवायचा हक्कही त्यांना पहिल्यांदा मिळाला होता. धुरंधरांनीही तिथे एक दालन रंगवलं.

याच शाळेत वास्तुकलेची गोष्ट समांतर घडली आणि ती कमी सांगितली जाते. १८९६ मध्ये इथे नकाशे काढणाऱ्यांसाठी वर्ग सुरू झाला. विद्यार्थी कोण, तर वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांतले सहायक. साहेबाने कच्चं रेखाटन द्यायचं आणि यांनी ते मापात उतरवायचं. पुढे जॉन बेग आणि जॉर्ज विटेट यांच्या काळात त्याचा पूर्ण अभ्यासक्रम झाला. विटेट म्हणजे गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुविशारद. १९१७ मध्ये या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एक संघटना काढली, नाव साधंसुधं: वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची संस्था. तिचीच वाढत वाढत १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली, देशातल्या या व्यवसायाची मुख्य संस्था. करिअर मार्गदर्शन केंद्रं पुष्कळ पाहिली, पण शिकाऊ सहायकांच्या परंपरेतल्या मुलांनी एकत्र येऊन स्वतःचा व्यवसायच उभा केल्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. शिल्पकारांना ते तेव्हा जमलं नाही आणि आताही जमत नाही.

माझे विद्यार्थी आज उन्हाळ्यात लालबाग-परळच्या गणपतीच्या आणि देखाव्यांच्या कार्यशाळांत जातात, गोरेगावला सिनेमाच्या सेटवर जातात, काही जण डिजिटल मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांत. फायबरचं काम, वेल्डिंग, थर्माकोल कापणं, रात्रभर जागून सकाळी सेट लावणं, हे सगळं मुलं शिकून येतात आणि ते उपयोगाचं असतं. एका ठिकाणी एका मुलीला महिनाभर फक्त गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअप मेसेज पाहायला बसवलं होतं. प्रमाणपत्र मात्र शिल्पकलेचं, रंगीत, दोन सह्यांचं. क्रेडिट मिळाले.

त्यानंतर मी मुलांना पाठवण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारते. देखरेखीला कोण असणार, त्याने स्वतः हे काम केलेलं आहे का? आणि शेवटी विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या कल्पनेचं, लहानसं का होईना, एक काम तुमच्या कार्यशाळेत, तुमच्या सामानात करू द्याल का? पहिल्या प्रश्नाला उत्तर चटकन येतं. दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी “बघू ना मॅडम” असं येतं, किंवा माती-मजुरीचा हिशेब येतो, जो अगदीच चुकीचा नसतो. ब्राँझचं ओतकाम करणारे एक गृहस्थ मात्र म्हणाले, “आधी सहा महिने त्याने माझे साचे साफ करायचे. मग त्याचं वीतभर काम माझ्या भट्टीत ओतून देईन, पैसे नाही घेणार. पण साचा त्याचा त्याने बनवायचा, मी हात लावणार नाही.” सहा महिने हे विद्यापीठाच्या चौकटीत बसत नाही, आमचे क्रेडिट त्याच्या कितीतरी आधी संपतात. तरी दर वर्षी एखादं पोर सुट्टी संपल्यावरही संध्याकाळचं तिकडे जात राहतं, हजेरीपटावर न येता. बाकीच्यांसाठी माझे फोन चालू आहेत.